हात बदलायचा राहिला

साहेब, तुम्ही एका म्हाताऱ्या कुत्रीला उपाशी मरू द्यायला तयार होतात. इलाज नव्हता म्हणून नव्हे. एका हवालदाराला तोंड उघडू द्यायचं नव्हतं म्हणून. तुमचं नाव, गाव, हुद्दा मी लिहीत नाही. वाचलंत तर तुमचं तुम्हाला कळेल. मी सातवी शिकलेली बाई, मला आडून बोलता येत नाही. झालं ते सरळ सांगते.

त्या सकाळी बाबासो खिलारे हवालदार आमच्या ओसरीत उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर रुबी बसली होती. काळी डॉबरमन, तोंडाभोवती पांढरी झालेली, मागच्या एका पायानं अधू. दोघांच्या मध्ये मी.

"हात द्या, वैनी," ते म्हणाले.

मी तळवा पुढं केला. त्यांनी त्यावर दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली आणि स्वतःचा हात माझ्या हाताखाली धरला. रुबीनं वास घेतला. तोंडाला लाळ सुटली तिच्या, थेंब माझ्या मनगटावर पडला. पण ती हलली नाही. बाबासोंकडं बघत राहिली.

"रुबी, घे."

तेव्हा कुठं तिनं जीभ लावली. बाबासोंनी हळूच आपला हात खालून काढून घेतला. त्याबरोबर ती थांबली. तोंडातला घास तिनं गिळला नाही, जमिनीवर ठेवला. हात परत खाली आला, तसा तोच घास तिनं उचलून खाल्ला.

"बगितलं?" ते म्हणाले. "ह्याला आमच्यात हात बदलणं म्हणत्यात. आज हात खाली. उद्या हात न्हाय, नुसता आवाज. परवा आवाज दारातनं, मग रस्त्यावरनं. मग मी नसलो तरी तुमच्या हातचं खाती. आठवडा लागतो. परत माझ्याकडं घ्यायलाबी तेवढाच लागतो."

"एवढं कशाला हो? कुत्रं हाय, भाकरी दिली की खाल्ली," माझे सासरे आप्पा खाटेवरून म्हणाले.

"चोरानं विष घालू ने म्हणून, आप्पा. पिल्लू असताना उपाशी ठेवायचं, परक्या माणसानं मटण पुढं करायचं, तोंड लावलं की रट्टा. रोज. मग एक दिवस ते मटणाकडं बघायचंच सोडून देतं. त्या दिवशी पास."

आप्पा खाटेवर उठून बसले. "आणि पगार किती देत्यात हिला?" म्हणाले. बाबासो हसले. त्यांना हसताना मी फारदा बघितलं नाही.

आमच्याकडं कुत्री राहायला येतात हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. माणसं लग्नाला, बालाजीला, दवाखान्यात गेली की आपलं जनावर आमच्या घरी ठेवून जातात. पिंजरा नाही, साखळी नाही. मी, आमचे मालक आणि आप्पा, घरात आम्ही तिघं. येईल ते चौथं. कुणाचं कुत्रं मालिका लावल्याशिवाय झोपत नाही. एका बँकवाल्यांच्या पामेरियनला भाकरीवर तूप लागायचं, तेही घरी कढवलेलं. आप्पा म्हणायचे, "मालन, माझ्या भाकरीवर कधी आलं न्हाय ते." आजवर घरी आलेलं एकही जनावर आमच्याकडं उपाशी राहिलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता. लपवत नाही.

रुबी मात्र पाहुणी म्हणून वेगळी होती. ती तुमच्या श्वान पथकात होती. पाय अधू झाला तेव्हा खात्यानं तिला कमी केलं आणि बाबासोंनी अर्ज करून मागून घेतली. त्यांची बायको गेली होती, पोरबाळ नव्हतं. पोलीस लाइनीत एका खोलीत ही दोघं. दुसरं कुत्रं त्यांना दिलं नाही, साध्या ड्यूटीला लावलं. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या तालुक्यात मोठी सभा होती, तिच्या बंदोबस्ताला त्यांना जायचं होतं. म्हणून ते रोज सकाळी रुबीला घेऊन यायचे. तो आमचा दुसरा दिवस होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जुना फोन, आतलं बोलणं बाहेर सगळ्यांना ऐकू जायचं. तुमचा आवाज मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

"खिलारे, कुठं आहेस?"

"सर, कुत्रीला ठेवायला आलोय. सोमवारी निघायचं ना, म्हणून..."

"सोमवार विसर. आत्ता निघायचं. गाडी ग्राउंडवर उभी आहे."

"सर, चार-पाच दिवस द्या. मी माझ्या खर्चानं येतो मागनं. हात बदलायचा राहिलाय."

"कसला हात?"

"कुत्री माझ्याशिवाय खात न्हाय, सर."

तुम्ही हसलात. तुमच्याजवळ अजून कुणी तरी असावं, तोही हसला. मग तुम्ही म्हणालात, "बायको उपाशी राहील म्हणाला असतास तर समजलो असतो."

बाबासोंच्या बायकोला जाऊन वर्ष झालं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं. मयतीला तुम्ही हार पाठवला होता.

त्यांनी फोन खिशात घातला. रुबीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठले.

"वैनी, भूक लागली म्हणून खाईल असं समजू नका. खाणार न्हाय ती. पाणी पिईल. मी काढतो काय तरी वाट."

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले. "माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर बघतो रोग्याच्या नातेवाइकाकडं.

पहिल्या दिवशी मी भाकरी-दूध केलं. दुसऱ्या दिवशी चिकन आणून नुसतं हळद-मिठात शिजवलं. घरभर वास सुटला. रुबी ताटलीपुढं बसली, नीट, पाय जुळवून, छाती काढून. लाळेची तार खाली लोंबत होती. मी म्हणाले, "रुबी, घे." तिनं माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं. मी बाबासोंच्या आवाजात म्हणून बघितलं. आमचे मालक दारामागं जाऊन जाड आवाजात म्हणून आले. ती आम्हा सगळ्यांकडं इतक्या सभ्यपणानं बघत होती की लाज वाटावी.

"हिला खाकीची सवय असंल," आप्पा म्हणाले. आप्पा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी ट्रंकेतून जुनी वर्दी काढली. पोटावरचं बटण लागेना तेव्हा वर पट्टा आवळला, बिल्ला लावला, टोपी घातली.

"आप्पा, तिकीट फाडाल तिचं," मालक म्हणाले.

"तू गप. मालन, ताटली दे."

आप्पा ओसरीत आले, आणि रुबी उठली. अधू पाय टेकवून उठली. ताठ उभी राहिली, मान वर, कान वर, शेपटीचा खुंट सरळ. पथकात साहेब आला की उभं राहतात तशी. 

आप्पांनी वाकून घास पुढं धरला. "घे, बाय."

तिनं मान वळवली. उभी मात्र राहिली. आप्पा समोर आहेत तोवर ती खाली बसेना, पाय थरथरत होता तरी. शेवटी आप्पाच आत गेले आणि वर्दी उतरवली. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "तिला माणूस पायजे. वर्दी वळखती ती, पण खात न्हाय तिच्या हातचं."

बाबासोंचा फोन एकदाच आला, चहाच्या टपरीवरनं, दुसऱ्याच्या फोनवरून. बंदोबस्तावरच्या सगळ्यांचे फोन तुम्ही जमा करून घेतले होते. मी स्पीकर लावून रुबीच्या कानाशी धरला.

"रुबी. रुबी, घे. बाय, घे."

ती ताडकन उठली. फोनकडं बघितलंही नाही. फाटकाशी गेली, पत्र्यावर पंजा मारला, हुंगलं, परत मारला. आवाज आहे म्हणजे माणूस आला. मग माणूस दिसत नाही म्हणून ती तिथंच आडवी झाली. त्यानंतर तिला आत आणायचं तर उचलून आणावं लागायचं, आणि ठेवली की सरपटत परत फाटकाशी.

"खाल्लं का?" फोनमधून विचारत होते.

"नाही, भाऊजी."

पलीकडं कपबशांचा आवाज येत होता. "परत नको करायला," ते म्हणाले. "आशेला लागती."

जनावरांचे डॉक्टर नायकवडी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला.

"ताई, हिची किडनी आधीच नाजूक आहे. सलाईनवर मी किती ओढणार? पोटात काहीतरी गेलं पाहिजे."

"परत एकदा नळीनं घालता येईल का?"

"घातलं की. तुमच्यासमोरच ओकली ना?" ते बॅग आवरत म्हणाले. "अजून दोन दिवस. माझा अंदाज चुकावा."

मग मी तुम्हाला फोन केला, साहेब. लाइनीतल्या एका बाईकडून नंबर मिळवला. तुम्हाला ते बोलणं आठवत नसेल. मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"खिलारे हवालदारांची कुत्री आमच्याकडं आहे," मी म्हणाले. "ती मरायला टेकलीय. त्यांना तासभर सोडा. नाहीतर आम्ही तिला तिकडं घेऊन येतो, तुम्ही फक्त भेटू द्या."

"बाई, ती कुत्री आता खात्याची नाही. तिला कमी केलंय."

"कमी केलंत, मग तिच्या डोक्यात घातलेलं तेही काढून घ्यायचं होतं."

"म्हणजे?"

"परक्याच्या हातचं खायचं नाही हे आम्ही नाही शिकवलं तिला. रट्टे देऊन तुमच्या खात्यानं शिकवलं. ती अजून तुमचंच ऐकतीय."

"हे बघा, भूक लागली की खाईल. भुकेपुढं कसलं ट्रेनिंग? मला इथं एवढी मोठी सभा सांभाळायचीय, आणि तुम्ही कुत्र्याच्या जेवणाचं घेऊन बसलात."

"एका शब्दाचं काम आहे, साहेब."

"एकाला सोडलं तर उद्या दुसऱ्याची म्हैस व्यायला येईल," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

आमच्या मालकांचा छोटा टेम्पो आहे, भाजीपाल्याचा. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी मार्केटचं भाडं सोडलं, मागच्या हौद्यात गोधडी अंथरली आणि रुबीला उचलून ठेवलं. एवढी थोरली डॉबरमन, पण एका हातावर आली. मी मांडीवर पेजेचं पातेलं घेऊन तिच्याजवळ बसले. आप्पा सलाईनची बाटली उंच धरून उभे राहिले.

"आप्पा, बसून धरा. पडाल."

"सबंध जन्म उभ्यानं काढलाय चालत्या गाडीत. तू तिला बघ."

नदी ओलांडली. ऊस तोडून गेलेली रानं दोन्हीकडं उघडी पडली होती. रुबीनं एकदा डोळे उघडले, वाऱ्यात नाक धरलं, परत मिटले. तालुक्याच्या वेशीवर झेंडे सुरू झाले, मग कमानी, मग रस्त्याच्या दोन्ही कडांना आडव्या बांधलेल्या बांबूच्या बल्ल्या. बल्ल्यांशी आम्हाला एका पोलीस पोरीनं अडवलं.

"मावशी, गाडी मागं घ्या. ताफा यायचाय."

तिनं हौद्यात डोकावलं आणि तिचा आवाज बदलला. "ही रुबी ना? खिलारे काकांची?"

"तीच. कुठं आहेत ते?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, बल्लीला पाठ लावून, बाबासो उभे होते. हात मागं, पाय जुळवलेले. मध्ये रिकामा डांबरी रस्ता, फार तर पंधरा-वीस पावलं, आमच्या ओसरीपासून विहिरीपर्यंत असेल इतका. त्यांनी आम्हाला बघितलं होतं. मान हलली नाही.

"मी साहेबांना विचारते," ती पोरगी म्हणाली. बिचारी धावत गेली.

तुम्ही आलात. काळा चष्मा, हातात वॉकीटॉकी. मला वाटलं होतं, तुम्ही आवाजासारखे आडदांड असाल. तुम्ही शिडशिडीत होतात, कपाळावर गंध होतं.

"तुम्हीच फोन केला होता?"

"हो."

"मग सांगितलेलं कळलं नाही?"

मी टेम्पोतून खाली उतरले. मालकांनी रुबीला गोधडीसकट उचलून बल्लीजवळ जमिनीवर ठेवलं. तुम्ही तिच्याकडं बघितलंत. बघितलंत हे मी शपथेवर सांगेन. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. तिला तुमची वर्दी दिसली आणि तिनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे दोन पाय उचलले, मागचे आले नाहीत. तशीच अर्धी, पुढून ताठ, मागून पडलेली, ती तुमच्यापुढं थांबली.

तुम्ही नजर काढून घेतलीत.

"त्यांना जागेवरून हलवा म्हणत नाही," मी म्हणाले. "आम्हीही रस्ता ओलांडत नाही. तिथूनच त्यांनी एक शब्द बोलायचा. तुम्ही नुसती मान हलवा."

"बंदोबस्तात बोलायचं नसतं."

"रस्ता मोकळा आहे, साहेब. गाड्या अजून दिसतसुद्धा नाहीत."

"गाड्या दिसोत न दिसोत." तुम्ही वळलात आणि पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "आज इथं कुणी तोंड उघडलं तर त्याची वर्दी मी उतरवीन. ऐकलं ना सगळ्यांनी?"

 आप्पा अजून हौद्यात बाटली धरून उभे होते. ते वरून म्हणाले, "ऐकलं, साहेब. बहिऱ्यालाबी ऐकू गेलं."

"ह्या म्हाताऱ्याला गप्प करा," तुम्ही म्हणालात आणि आपल्या जागेकडं चालू लागलात.

लांबून भोंगा ऐकू आला. गर्दीतली कुजबुज थांबली. मी खाली बसले. दुसरं काय करायचं ते सुचेना. पातेल्यातली पेज तळव्यावर घेतली आणि रुबीच्या तोंडापाशी धरली. तिला लाळसुद्धा सुटली नाही. बाबासोंकडं बघायचं मी टाळलं. त्यांची नोकरी त्यांच्या तोंडात होती, आणि ते तोंड उघडा असं मी डोळ्यांनीही म्हणणार नव्हते.

"रुबी."

ओरडले असं म्हणता येणार नाही. एका बांधावरून दुसऱ्या बांधाला हाक देतात तसा आवाज. स्वच्छ, सावकाश.

रुबीचे कान उभे राहिले. तिनं मान वळवली, रस्त्यापलीकडं तो माणूस तिला दिसला, आणि ती त्याच्याकडं सरकायला लागली. मालकांनी तिला धरलं. ती कण्हली.

बाबासो जागचे हलले नाहीत. बूट जिथं होते तिथंच. त्यांनी पाठीमागचा उजवा हात तेवढा पुढं आणला आणि हवेत धरला, तळवा वर. आमच्या ओसरीत माझ्या हाताखाली धरायचे अगदी तसा. आणि तो तसाच धरून ठेवला.

"घे, बाय. वैनीच्या हातचं घे."

तिनं त्या हाताकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं. मग तिची जीभ माझ्या तळव्याला लागली, कोरडी, खरखरीत. पेज संपली तसा मी परत तळवा भरला. ती खात होती. पोलीस पोरीनं तोंडाला रुमाल लावला होता.

त्याच वेळी गाड्या आल्या आणि आमच्या मधून गेल्या. एक, दुसरी, तिसरी, काळ्या काचांच्या. त्या गेल्या तेव्हा पलीकडं बाबासो हात मागं बांधून उभे होते, जसे काही हललेच नव्हते. सगळी गर्दी ताफ्यामागं बघत होती. तुम्ही बाबासोंकडं बघत होतात.

त्यांना तुम्ही तिथंच ठाण्यात अडकवून ठेवलंत आणि चौकशी संपेपर्यंत इकडं येऊ दिलं नाहीत. चौकशीला मला बोलावणं आलं. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "हवालदार जागा सोडून तुमच्याकडं आले होते?"

"नाही."

"थोडे पुढं सरकले?"

"पाऊल हललं नाही त्यांचं."

"मग काय हललं?"

"हात हलला," मी म्हणाले.

"तेवढं पुरे," तो म्हणाला.

त्यांची बढती गेली. बदली झाली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलातल्या एका ठाण्यावर. जायच्या आधी एक दुपार ते आमच्याकडं आले. सभेच्या दिवसापासून रोज माझ्या हातचं खाऊन तोवर रुबी भरली होती. त्यांना बघून ती धावली, अधू पायानं धडपडली, त्यांचं तोंड चाटलं, कान चाटले, त्यांच्या दोन्ही पायांमधून फेऱ्या मारल्या. ते मातीत बसून राहिले, तिला मिठीत घेऊन.

मग त्यांनी माझ्याकडून भाकरी मागून घेतली. आपल्या तळव्यावर कुस्करली.

"रुबी, घे."

तिनं वास घेतला. लाळ गळायला लागली. आणि तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

"घे ना, बाय," मी घाईनं म्हणाले.

"थांबा वैनी. तुम्ही बोलू नका."

 ती त्यांच्या हातावरच्या भाकरीकडं बघायची आणि माझ्याकडं बघायची. शेवटी ती नीट बसली, पाय जुळवून, छाती काढून. त्यांच्यापुढं. परक्यापुढं बसावं तशी.

बाबासोंनी भाकरी माझ्या तळव्यावर ओतली. ती लगेच खायला लागली.

"बरोबर शिकलीय," ते म्हणाले. "हात एका वेळी एकच असतो. दोन झालं की मग कुणाचाबी चालतो."

"परत बदलून घ्या की. आठवडाभर राहा इथंच. आप्पांच्या खाटेशेजारी टाकू दुसरी."

"संध्याकाळची गाडी हाय माझी."

"मग सुट्टीला या."

ते हसले. तुम्ही सुट्टी कशी देता ते त्यांना माहीत होतं.

"भाऊजी," मी विचारलं, "त्या दिवशी हे ध्यानात होतं तुमच्या? तिला माझ्या हातचं घे म्हणालात तेव्हा?"

"तोंड उघडायच्या आधीच," ते म्हणाले. त्यांनी तळव्याला चिकटलेले कण पँटला पुसले. "वर्दीचं काय, ती आज ना उद्या उतरतीच."

फाटकापर्यंत रुबी त्यांच्याबरोबर गेली. मी हाक मारली नव्हती, तरी तिथून परत आली.

पुढच्या थंडीपर्यंत ती आमच्याकडं होती. रोज माझ्या हातचं जेवली. गेली तेव्हा मी बाबासोंना फोन केला. ते म्हणाले, "सकाळी खाल्लं हुतं का?" मी हो म्हणाले. खरंच खाल्लं होतं.

आता साहेब, तुम्ही उत्तर द्या. सभा पार पडली. कुठं दगड पडला नाही, कुठं चेंगराचेंगरी झाली नाही. गाड्यांच्या काचा वर होत्या, आतल्या कुणाला काही ऐकू गेलं नाही, कुणी मान वळवली नाही, कुणी तक्रार केली नाही. त्या माणसाची बढती तुम्ही घालवलीत, त्याला जंगलात पाठवलंत, आणि त्याच्या उरल्यासुरल्या घरातलं एकमेव जनावर त्याला परकं करून टाकलंत. ही शिक्षा तुमच्याकडं मागितली कुणी होती?